लष्कराची शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाची फी

अमेरिकेतील हजाराहून अधिक महाविद्यालयांत व विद्यापीठांत लष्कराचे एक दल काम करते. त्याचे नाव 'राखीव अधिकारी प्रशिक्षण दल'. इंग्रजी आद्याक्षरांनी ते आर.ओ.टी.सी. आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी नुसते 'रॉटसी'. विद्यार्थ्याने विषय कोणताही घ्यावा, इतिहास, अभियांत्रिकी वा शुश्रूषा. त्याच्या जोडीला पहाटेचा व्यायाम व कवाईत, आठवड्यातून काही तास लष्करी विद्येचे वर्ग, आणि भूदलाच्या शाखेत तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात केंटकी राज्यातील फोर्ट नॉक्सची छावणी पार पाडली, की पदवीच्या सुमारास त्याच्या हाती दुसराही एक कागद पडतो. तो सेकंड लेफ्टनंटच्या कमिशनचा.

निवडक विद्यार्थ्यांस या दलातर्फे शिष्यवृत्ती मिळते. भूदलाच्या शिष्यवृत्तीत विद्यापीठाची पूर्ण फी, अथवा तिच्याऐवजी राहण्याजेवणाचा खर्च, पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० डॉलर आणि शैक्षणिक वर्षात दरमहा ४२० डॉलर हातखर्च असा हिशेब आहे. मोबदल्यात आठ वर्षांची बांधिलकी. त्यांपैकी साधारणतः चार वर्षे प्रत्यक्ष फौजेत आणि उरलेली राखीव यादीत.

हा परदेशातील मामला आपल्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण असे की, इंदूरच्या एका ज्येष्ठ साथींनी मध्यंतरी आमच्याकडे विचारणा केली. त्यांची बहीण न्यू जर्सीत राहते. भाचा तेथेच जन्मला, तेथला नागरिक आहे, आणि त्याला अशी शिष्यवृत्ती देऊ करण्यात आली आहे. साथींनी विचारले आहे : 'व्हिएतनाम व इराक यांवरील आक्रमणांविरुद्ध ज्यांनी मोर्चे काढले, त्यांच्या घरातील मुलाने त्याच फौजेचा अधिकारी व्हावे हे पत्करावे कसे? आणि नको म्हणावे, तर त्याची फी भरावी कोणी?'

या दोन प्रश्नांपैकी पहिलाच आपल्याकडे मोठ्या आवाजात विचारला जातो. दुसरा लाजेखातर हळूच पुटपुटला जातो. आमच्या मते सगळी मेख दुसऱ्यातच आहे.

या दलाचा इतिहास एकाच विद्यापीठाच्या आधारे सांगता येण्यासारखा आहे. १८६२ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अमेरिकन काँग्रेसने मॉरिल कायदा केला. प्रत्येक राज्यास त्याच्या प्रत्येक काँग्रेस-प्रतिनिधीमागे व सिनेटरमागे तीस हजार एकर जमीन किंवा तितक्या जमिनीचे हक्कपत्र द्यावयाचे आणि त्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभारावयाची, अशी ती योजना होती. (ही जमीन आदिवासी जमातींकडून हिरावून घेतलेली होती, हे या विद्यापीठांच्या स्थापनेच्या गौरवग्रंथांत फारसे आढळत नाही.) शिकवावयाच्या विषयांत कायद्याने आणखी एक घातला होता : लष्करी डावपेच. शेतकऱ्याकामगारांच्या मुलांसाठी उघडलेल्या पहिल्या मोठ्या शिक्षणद्वारावरच कवाईत उभी होती, ती अशी.

कॅलिफोर्निया विद्यापीठ याच कायद्याच्या आधारे १८६८ साली स्थापन झाले. पुढे १९१६ साली, युरोपात महायुद्ध पेटलेले असताना, राष्ट्रीय संरक्षण कायद्याने प्रस्तुत दलाची रीतसर स्थापना केली. अशा बहुतेक सरकारी विद्यापीठांत पहिली दोन वर्षे प्रत्येक धडधाकट मुलाने कवाईत केलीच पाहिजे असा नियम होता. कॅलिफोर्नियातील काही मेथॉडिस्ट विद्यार्थ्यांनी, युद्ध आमच्या धर्मश्रद्धेस मान्य नाही, असे सांगून कवाईत नाकारली. विद्यापीठाने त्यांस काढून टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९३४ साली न्यायालयाने निकाल दिला की, कोणी या विद्यापीठात या म्हणून सक्ती केलेली नाही, यावयाचे असेल तर कवाईत करावी लागेल. न्यायाचा हा प्रकार आपल्या परिचयाचाच आहे. मजुरालाही असेच सांगितले जाते की, तू काम सोडण्यास मोकळा आहेस.

त्याच सुमारास महामंदीच्या झळा सोसणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांनी युद्धविरोधी संप केले, आणि सक्तीची कवाईत बंद करा ही मागणी त्यांच्या चळवळीत सतत होती. मागणी पुरी होण्यास पाव शतक लागले. १९५९ च्या ऑक्टोबरात बर्कली येथील विद्यापीठाच्या पायऱ्यांवर फ्रेड मूर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी या सक्तीविरुद्ध उपोषणास बसला. तो हवाई दलातील एका अधिकाऱ्याचा मुलगा होता. १९६२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने कवाईत ऐच्छिक केली. इतर विद्यापीठांतही ती त्याच काळात ऐच्छिक होत गेली.

यापुढचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. सक्ती उठताच अधिकाऱ्यांचा पुरवठा आटण्याची चिन्हे दिसू लागली. ऑक्टोबर १९६४ मध्ये नवा कायदा आला आणि त्याने भूदल व हवाई दलासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. (नौदलाची अशी योजना दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच सुरू झालेली होती.) त्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्टमध्ये, व्हिएतनाममध्ये वाटेल तितके सैन्य वापरण्याची मोकळीक काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांस दिलेली होती. तथापि त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्यातील विद्यार्थ्यास शिकवणीची फी नव्हती. किरकोळ शुल्क भरून गरिबाचा मुलगा शिकू शके. १९७० साली, रोनाल्ड रेगन तेथे गव्हर्नर असताना, विद्यापीठाने 'शैक्षणिक फी' या नावाखाली ती प्रथाही मोडून काढली. आज त्या विद्यापीठाची वार्षिक फी राज्यातील विद्यार्थ्यासही पंधरा हजार डॉलरच्या आसपास पडते. त्याच आवारात आठ वर्षांच्या अंतराने कवाईतीची सक्ती गेली आणि फी आली. या दोन गोष्टी कोणी एका खोलीत बसून जुळविल्या असे आमचे म्हणणे नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. शासनसंस्थेला कट करावा लागत नाही. महागाई तिचे काम परस्पर करते.

१९७० हेच वर्ष या दलाच्या इतिहासात रक्ताने लिहिले गेले आहे. निक्सन यांनी ३० एप्रिल रोजी कंबोडियात सैन्य घुसविल्याची घोषणा केली. ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात २ मे च्या रात्री या दलाची लाकडी इमारत जळून खाक झाली, आणि ४ मे रोजी नॅशनल गार्डच्या सैनिकांनी तेरा सेकंदांत ६७ गोळ्या झाडून चार विद्यार्थी ठार केले, नऊ जखमी केले. देशभर विद्यार्थ्यांचे संप झाले. हार्वर्डमध्ये आदल्याच वर्षी विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेऊन हे दल हटविण्याची मागणी केली होती. हार्वर्ड, येल, कोलंबिया, स्टॅनफर्ड येथून ते पुढे हटलेही.

हा विजय होताच, आणि त्याची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्याचा वर्गीय हिशेब मांडला पाहिजे. दल जेथून हटले ती मुख्यतः ईशान्येकडील धनिकांची विद्यापीठे होती. त्याचे बळ एकवटले ते दक्षिणेकडील व मध्यपश्चिमेकडील सरकारी विद्यापीठांत, जेथे फी देणे जड जाते अशा घरांची मुले शिकतात. सक्तीची सैन्यभरती १९७३ साली बंद झाली. त्यानंतर तर श्रीमंताच्या मुलास युद्धाशी काही देणेघेणेच उरले नाही. मुख्य प्रवाहातील काही अमेरिकन लेखकही गेली काही वर्षे याच गोष्टीबद्दल हळहळत आहेत. मात्र त्यावर ते उपाय सुचवितात तो दल पुन्हा हार्वर्डात आणण्याचा! समलिंगी व्यक्तींस फौजेत उघडपणे राहू न देणारा कायदा रद्द झाल्यावर, २०११ साली, हार्वर्डने त्यास परत घेतलेही. विद्यापीठांस नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य तोवर फारसे उरलेलेच नव्हते. जी संस्था या दलास आवारात मज्जाव करील तिचा केंद्रीय निधी तोडता येईल असा कायदा १९९६ मध्ये झालेला होता. लष्कराच्या भरती-अधिकाऱ्यांस मज्जाव करणाऱ्या संस्थांचा निधी तोडण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एकमताने मान्यता दिली. विद्यार्थ्यावरची सक्ती उठली होती, ती फिरून विद्यापीठावर बसली.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो समाजवादी परंपरेतूनच येतो. अधिकारी केवळ बंदिस्त लष्करी शाळांतून आले तर त्यांची एक जात बनते आणि ती लोकशाहीस घातक ठरते, म्हणून अधिकारी विद्यापीठांतून, सामान्य लोकांतून यावेत, असा हा विचार आहे. फ्रान्सचे समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी लिहिलेल्या 'नवे सैन्य' या ग्रंथात अधिकाऱ्यांचे शिक्षण विद्यापीठांशी जोडण्याची कल्पना मांडली होती. परंतु जोरेस यांचे सैन्य स्वसंरक्षणापुरते, संपूर्ण जनतेचे नागरी सैन्य होते. परमुलखात फौज पाठविणाऱ्या साम्राज्यशाहीला अधिकारी कोठून मिळावेत, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. कार्ल लीब्क्नेश्ट यांनी १९०७ साली सैन्यवादावर पुस्तक लिहिले आणि त्यापायी दीड वर्ष कारावास भोगला. सैन्य हे बाहेरच्या शत्रूइतकेच घरच्या कामगारांविरुद्धही वापरले जाते, हे त्यांनी त्यात दाखविले. केंट स्टेटच्या हिरवळीवर त्याचीच प्रचीती आली.

'सामान्य घरातून आलेला अधिकारी' म्हणून ज्यांचे नाव हमखास घेतले जाते, ते जनरल कॉलिन पॉवेल. जमैकाहून आलेल्या कष्टकरी दांपत्याचे पुत्र. आई कपडे शिवण्याचे काम करी, वडील तयार कपड्यांच्या धंद्यात माल पाठविण्याच्या विभागावर मुकादम होते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात पॉवेल यांस इतर विषयांत बेताचेच गुण पडत, या दलाच्या विषयात मात्र उत्तम. १९५८ साली कमिशन मिळाले, व्हिएतनामला दोनदा गेले, १९८९ साली संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष झाले. या पदावर पोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. आणि ५ फेब्रुवारी २००३ रोजी राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीत उभे राहून, इराकजवळ महासंहारक अस्त्रे आहेत, अशी जगाची खात्री पटविण्याचे काम याच कष्टकऱ्याच्या मुलावर सोपविण्यात आले. अस्त्रे सापडली नाहीत. ते भाषण आपल्या कारकिर्दीवरील डाग असल्याचे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

आम्हास त्यांच्या चरित्रातील दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पॉवेल शिकत होते तेव्हा सिटी कॉलेजात शिकवणीची फी नव्हती. ते या दलात शिरले ते त्यांस तेथे सोबत, शिस्त व मान मिळाला म्हणून. कर्जाच्या भीतीने नव्हे. त्या कॉलेजातून हे दल १९७२ साली गेले. न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आल्याचे निमित्त करून १९७६ साली तेथे फी बसविण्यात आली. दल २०१३ साली परत आले. आज त्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलाला पॉवेल यांच्यासारखे केवळ आवडीने आत जाण्याचे स्वातंत्र्य उरले आहे काय?

भाषांतराच्या टेबलावर बसणाऱ्यास येथे एक अडचण येते. इंग्रजी शब्दाला 'शिष्यवृत्ती' हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण शिष्यवृत्ती म्हणजे गुणांची कदर म्हणून दिलेले साहाय्य. ते फेडावयाचे नसते. जी रक्कम आधी हातात पडते, जिच्यापायी पुढची वर्षे बांधली जातात, काम अर्धवट टाकले तर जी अंगावर 'फिरते', तिला मराठीत आधीच एक शब्द आहे : उचल. मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या साथींसाठी सांगतो की, बीडकडचा ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या आधी मुकादमाकडून जोडप्यामागे जी रक्कम घेतो ती ही. हंगामभर कोयता चालवून ती फेडावयाची, न फिटल्यास पुढच्या हंगामावर जावयाची. तुलना फार ताणू नये हे खरे. अमेरिकन लेफ्टनंटला पगार आहे, विमा आहे, समाजात मान आहे, आणि ऊसतोड मजुराच्या पालातले त्याच्या वाट्यास काहीच येत नाही. पण व्यवहाराची चौकट तीच आहे. शिष्यवृत्तीधारकास पहिले वर्ष मोकळे असते, त्यात तो बिनशर्त बाहेर पडू शकतो. दुसऱ्या वर्षात पाऊल टाकले की करार बांधतो. नंतर माघार घेतली तर एक तर सारी रक्कम परत करावी, नाही तर साधा सैनिक म्हणून फौजेत जावे. यांपैकी काय व्हावयाचे ते ठरविण्याचा अधिकार मुलाकडे नाही, लष्कराकडे आहे. राखीव यादीतील वर्षांसही नुसते कागदावरचे समजू नये. इराक युद्धात, २००४ साली, नोकरी संपवून घरी बसलेल्या हजारो लोकांस त्या यादीतून पुन्हा बोलाविण्यात आले, आणि कित्येकांस मुदत संपल्यावरही हुकमाने रोखून धरण्यात आले.

हे सारे आमच्या तर्काचे आहे असे कोणी म्हणेल, म्हणून एक दाखला देतो. अमेरिकेत शिक्षणकर्जाची थकबाकी दीड लाख कोटी डॉलरच्याही वर आहे आणि कर्जदार चार कोटींहून अधिक आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी या कर्जाचा काही भाग माफ करण्याची योजना जाहीर केली. तेव्हा इंडियाना राज्यातील रिपब्लिकन काँग्रेस-सदस्य जिम बँक्स यांनी जाहीरपणे तक्रार केली की, कर्जमाफीमुळे लष्कराचे सैन्यभरतीचे एक मोठे साधन दुबळे होईल. त्यांच्या पक्षाच्या आणखी काही सदस्यांनी त्यांच्यासह राष्ट्राध्यक्षांस याच आशयाचे पत्र लिहिले. एरवी आपण पानेच्या पाने खर्चून जे सिद्ध करू पाहतो ते प्रतिपक्षानेच एका वाक्यात सांगून टाकले. योजना पुढे जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

आणखी एक गोष्ट या चर्चेत निसटते. बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट झालेल्या मुलाच्या हाताखाली तीसचाळीस सैनिकांची तुकडी येते. त्या तुकडीतही पुष्कळजण कॉलेजच्या फीसाठीच आलेले असतात. फौजेत काही वर्षे काढल्यावर शिक्षणाचा खर्च देण्याची योजना १९४४ पासून निरनिराळ्या रूपांत चालू आहे. अधिकाऱ्यास शिक्षण आधी मिळते आणि रणांगण नंतर. सैनिकाने रणांगण आधी पाहावयाचे, वाचलाच तर शिकावयाचे. दोघे एकाच फीने ओढलेले, पण एक हुकूम देतो आणि दुसरा पाळतो. ज्यांच्यावर दोघांनी बंदूक रोखावयाची ते तर या हिशेबात कोठेच नसतात.

आपल्या देशात चित्र वेगळे आहे, आणि ते वेगळे असल्याची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय छात्रसेना चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर काही वर्षे महाविद्यालयांत सक्तीची होती. १९६८ पासून ती ऐच्छिक झाली. तिच्यात बांधणारी उचल नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षणाच्या बदल्यात लष्करी सेवेचे बंधपत्र आहे खरे, परंतु तेथे शिकविले जाते ते वैद्यक आणि पुढे करावयाचे तेही वैद्यकच. मात्र २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेने चार वर्षांची फौजी नोकरी आणि शेवटी हाती एक ठोक रक्कम, असा जो करार बेकार तरुणांपुढे ठेवला आणि चारांपैकी तिघांस घरी पाठविण्याचे ठरविले, त्यात अमेरिकन व्यवस्थेची छाया ज्यास दिसत नाही त्याने बिहार, उत्तर प्रदेश व तेलंगणात त्या जून महिन्यात तरुण रस्त्यावर का उतरले ते आठवावे. आणि आपल्याकडील सरकारी विद्यापीठांची फी ज्या वेगाने वाढते आहे ती पाहता, उद्या येथेही कोणी 'शिष्यवृत्ती' घेऊन दारात उभा राहिला तर नवल वाटावयास नको.

इंदूरच्या साथींस आमचे उत्तर असे : भाच्यावर रागावू नये. त्यास शत्रूच्या छावणीत निघालेला फितूर समजणे म्हणजे फी ठरविणाऱ्यांस मोकळे सोडून फी भरू न शकणाऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. ती शिष्यवृत्ती त्याने घेऊ नये असेच आमचे मत आहे. ज्या फौजेचा तो हुकूम मानणार ती कोणत्या देशात पाठवावयाची हे त्याच्या हाती नाही, आणि सही केल्यावर ते कधीच त्याच्या हाती येणार नाही. पण हे मत त्यास सांगताना जोडीला राज्य विद्यापीठाचा, घरून ये-जा करून दोन वर्षे शिकता येईल अशा स्वस्त सामुदायिक महाविद्यालयाचा व इतर अनुदानांचा हिशेब मांडून दाखवावा. हिशेबावाचून दिलेला उपदेश त्या वयाच्या मुलास पटत नाही, पटूही नये. त्याने तरीही प्रवेश घेतलाच, तर पहिल्या वर्षाची मोकळीक त्याच्या पूर्ण ध्यानात असावी. करारातील परतफेडीचे कलम, राखीव यादीची वर्षे व माघारीची तारीख त्याने लष्कराच्या अधिकाऱ्याकडून तोंडी ऐकू नये, कागदावर वाचावी. आणि त्या वर्षात त्याच्याच विद्यापीठातील फीवाढविरोधी सभांनाही त्याने जावे. अशा सभा तेथे होतात. न्यू मेक्सिको राज्याने तर २०२२ साली कायदा करून आपल्या रहिवाशांस सरकारी महाविद्यालयांत शिकवणीची फी माफ केली आहे, हेही मामांनी भाच्यास कळवावे.